कलामझूची गिटार आणि तिचे मालक

गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीबद्दल कुठेही चार गिटारवाले बोलायला लागले की दहा मिनिटांत गाडी एकाच स्टेशनवर येते, की पूर्वी कंपनी कारागिरांची होती तेव्हा गिटारी भारी होत्या, मग मोठ्या कंपन्यांनी विकत घेतली आणि वाट लागली. मीही बरीच वर्षं हेच ऐकत आलोय, हेच बोलत आलोय. पण या कंपनीचा इतिहास जसजसा नीट वाचत गेलो तसतसं लक्षात यायला लागलं की ही गोष्ट तारखांना धरून सांगायला घेतली की जागोजागी अडकते, आणि ती जिथे अडकते ना, तिथेच खरी मजा आहे.

सुरुवातच बघा. ऑर्व्हिल गिब्सन नावाचा माणूस न्यूयॉर्क राज्यातून मिशिगनमधल्या कलामझू गावात आला, चपलाबुटांच्या दुकानात काम करायचा आणि फावल्या वेळात मँडोलिन आणि गिटारी कोरायचा. कोरायचा हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण त्याचं म्हणणं होतं की लाकूड वाकवायचं नाही, व्हायोलिनच्या पोटासारखा फुगवटा अख्ख्या लाकडातून कोरून काढायचा, अगदी बाजूच्या कडासुद्धा कोरूनच, म्हणजे लाकडावर ताण येत नाही आणि ते मोकळं वाजतं. 1898 मध्ये त्याला या बांधणीचं पेटंट मिळालं. आणि 1902 मध्ये कलामझूच्या पाच जणांनी, त्यात वकील होते, म्युझिक स्टोअरवाले होते, त्याला 2,500 डॉलर देऊन हक्क घेतले आणि कंपनी काढली. नाव ऑर्व्हिलचं, मालक हे पाच जण, आणि ऑर्व्हिल भागीदारसुद्धा नाही. 1918 मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावाच्या कारखान्याशी त्याचा संबंध जवळजवळ उरला नव्हता.

म्हणजे कंपनी कारागिराची होती असा दिवस कधी उगवलाच नाही, ती जन्मलीच मुळी विकत घेतलेली.

आणि त्या नव्या मालकांनी काय केलं, तर ऑर्व्हिलच्या कितीतरी गोष्टी हळूहळू सोडून दिल्या. कडा कोरायचं बंद, सरळ वाफेवर वाकवायला लागले. आजच्या फोरमवाल्यांनी त्या वेळी केवढा गहजब केला असता! पण झालं काय, तर त्याच मालकांच्या काळात थॅडियस मॅकह्यू नावाच्या कारखान्यातल्याच माणसाने नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, आत लोखंडी सळई घालून ती बाहेरून पिळता येईल अशी सोय काढली, तिचं पेटंट 1923 चं, आणि आज जगातल्या बहुतेक स्टील-स्ट्रिंग गिटारींच्या पोटात जो ट्रस रॉड असतो तो तिथूनच आलाय. कंपनीतल्याच लॉइड लोअरचं एफ-5 मँडोलिन आणि एल-5 गिटारसुद्धा त्याच सुमाराचं. तेव्हा पहिल्या मालकबदलाने वाटोळं झालं असं मला तरी म्हणता येत नाही.

पुढचा बदल 1944 चा. युद्ध चालू होतं, पुरुष बाहेर होते, कारखान्यात बाया गिटारी बनवत होत्या, आणि शिकागोच्या मॉरिस बर्लिन यांच्या शिकागो म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सने, म्हणजे सीएमआयने, गिब्सन विकत घेतली. सीएमआय ही वितरण करणारी कंपनी, तिच्या पोटात बरेच ब्रँड, आजच्या भाषेत होल्डिंग कंपनीच म्हणा ना. आणि ज्याला सगळे सुवर्णकाळ म्हणतात, ज्याच्या नावाने उसासे टाकतात, तो सगळाच्या सगळा या होल्डिंग कंपनीच्या मालकीत घडलाय. 1952 ची लेस पॉल ही भरीव गिटार, 1957 मधला सेथ लव्हरचा हमबकर पिकअप (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग), 1958 मध्ये एकाच वर्षी ईएस-335, फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या गिटारी, आणि 1958 ते 60 मधल्या त्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल, ज्या दीड हजाराच्या आसपासच बनल्या आणि आज एकेकीला लाखो डॉलर मोजतात.

त्यातही मला जास्त विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे टेड मॅकार्टी. हा माणूस 1950 पासून 1966 पर्यंत गिब्सनचा प्रेसिडेंट होता, शिक्षणाने इंजिनिअर, आधी वुर्लित्झर या वाद्यांच्या कंपनीत होता, आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. अजिबात नाही. पण बर्लिन शिकागोत बसायचे आणि मॅकार्टी कलामझूत, पार्सन्स स्ट्रीटवरच्या कारखान्यात, आणि बर्लिननी त्याला त्याच्या पद्धतीने काम करू दिलं. वाजवता येत नाही म्हटल्यावर तो वाजवणाऱ्यांना विचारायचा, सेल्समन दुकानातून काय ऐकून आलेत ते विचारायचा, आणि मग कारखान्यात जाऊन हे कसं बनेल ते बघायचा. ईएस-335 बघा, पोकळ गिटार मोठ्या आवाजात शिट्टी मारते, फीडबॅक, आणि भरीव गिटारमध्ये तो पोकळ गोडवा नाही, तर याने मधोमध मेपलचा ठोकळा बसवला आणि दोन्ही बाजूंचे पंख पोकळ ठेवले. इतकं सरळ उत्तर आहे ते, आणि वाजवणाऱ्याच्या नेमक्या अडचणीला दिलेलं.

आता इथे सुवर्णकाळवाल्यांना न आवडणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती सनबर्स्ट लेस पॉल त्या काळात नीट खपली नाही म्हणून याच लोकांनी 1960 मध्ये बंद केली आणि पुढच्या वर्षी पातळ शिंगांची, आज जिला एसजी म्हणतात ती, तिच्या जागी आणली. नेक बारीक झाला, हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्या असतात त्या डोक्याचा, मागे झुकणारा कोन 17 अंशांवरून 14 वर आला, ते सगळं 1965-66 च्या आसपास, म्हणजे अजून सीएमआयच. बदनाम नॉर्लिन यायला अजून तीन-चार वर्षं होती.

तर नॉर्लिन. 1969 मध्ये ईसीएल नावाच्या कंपनीने सीएमआय ताब्यात घेतली. तिचा धंदा इक्वेडोरमध्ये, बिअरचा, सिमेंटचा. पुढे ईसीएलचे प्रमुख नॉर्टन स्टीव्हन्स यांच्यातला नॉर आणि बर्लिन यांच्यातला लिन जोडून नॉर्लिन असं नाव ठेवलं. गिटारवाल्यांमध्ये नॉर्लिन हे नाव आजही जवळजवळ शिवीसारखंच घेतात.

माझा एक मित्र शिकागोच्या बाजूला राहतो, त्याच्याकडे 1973 ची लेस पॉल डिलक्स आहे. त्याच्या बेसमेंटमध्ये ती मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलोय, वाजवण्यापेक्षा बघतच जास्त. पहिल्यांदा जाणवतं ते वजन, दोन तास पट्टा खांद्यावर ठेवला की खांदा बोलायला लागतो. मग नेकवरून हात वर नेत नेत नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे गेला की अंगठ्याखाली एक उंचवटा लागतो, उसाच्या पेरासारखा, याला व्होल्यूट म्हणतात. नेक एकसंध महोगनीचा नाही, तीन उभ्या पट्ट्या जोडलेल्या, उजेडात तिरकी धरली की सांधे दिसतात. आणि बॉडी कडेने बघितली की महोगनीच्या दोन जाड थरांच्या मध्ये मेपलची बारीक फिकट रेघ दिसते, या सँडविचला लोक पॅनकेक म्हणतात. हेडस्टॉकच्या मागे सीरियल नंबरखाली मेड इन यूएसए ठोकलेलं. पिकअप छोटे हमबकर, मूळ एपिफोनचे. एपिफोन गिब्सननेच 1957 मध्ये घेतलेली, आणि तिचं उत्पादन जपानला जायच्या बेतात असताना हे पिकअप इथे वापरात आले, जुन्या मोठ्या पी-90 पिकअपसाठी जो खड्डा असतो त्यातच, पी-90 च्या कव्हरला मधे चौकोन कापून त्याची फ्रेम करून बसवलेले.

यातली एकेक गोष्ट का केली असेल ते बघायला लागलं की कोणीही मूर्खपणाने काही केलेलं नाही हे दिसतं. गिब्सनचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे हेडस्टॉक मोडणं. एकाच लाकडातून नेक आणि मागे झुकलेला हेडस्टॉक कापला की नटच्या मागे लाकडाचे रेषे आडवे तुटतात, त्यात तिथेच ट्रस रॉडच्या नटसाठी लाकूड पोखरलेलं, त्यामुळे गिटार स्टँडवरून नुसती मागे पडली तरी बरोब्बर त्याच जागी कडाक. दुरुस्तीवाल्यांची निम्मी रोजीरोटी त्यावर चालते म्हणा. मग व्होल्यूट ठेवून तिथे लाकूड वाढवलं, तीन पट्ट्यांनी नेक बळकट केला. इंजिनिअरिंग म्हणून हे चूक नाहीच, उलट बरोबर आहे, मित्राची ती गिटार पन्नास वर्षांची झाली आणि तिचा हेडस्टॉक कधी मोडलेला नाही. आणि ती वाजते छान, लखलखीत आणि जरा धारदार, पण छान.

मग बिघडलं काय? माझ्या मते बिघडलं ते एवढंच, की प्रत्येक बदल कोणाच्या तरी टेबलवरची फाइल बंद करायला होता आणि ते टेबल वाजवणाऱ्याचं नव्हतं. मोडके नेक परत येतात, खर्च होतो, तर व्होल्यूट. जाड महोगनी मिळत नाही किंवा महाग पडते, तर पातळ तुकडे चिकटवा. पिकअप आहेत, खड्डे पण आहेत, तर एकात एक बसवा. वाजवणाऱ्याला तो अंगठ्याखालचा उंचवटा नको होता, त्याला कुणी विचारलं नाही. मॅकार्टीच्या काळातही पैसे वाचवायचेच की, कोणता कारखाना वाचवत नाही, पण तिथे तो माणूस दोन्हींच्या मधे उभा होता, पैशांचं टेबल आणि स्टेजवरचा गडी. 1966 मध्ये तो गेला, गिटारचे सुटे भाग बनवणारी बिग्सबी कंपनी घेऊन स्वतःचा संसार थाटायला, आणि त्या जागेवर तसं कोणी टिकलं नाही.

हे फक्त परक्या मालकांच्या बाबतीत होतं असंही नाही बरं का. मार्टिन ही गिटार कंपनी 1833 पासून एकाच घराण्यात, सहा पिढ्या, सुरुवात न्यूयॉर्कमध्ये आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात, आणि तरीसुद्धा त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गिटारींचे ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात ते लाकूड, किंचित चुकीच्या जागी चिकटवलेले निघाले, वरच्या पट्टीत सूर जुळत नाही, अजूनही लोक ते काढून सरकवून घेतात. मागणी प्रचंड होती, सगळेच भरभर बनवत होते. तेव्हा घरची मालकी म्हणजे सगळं आलबेल, असं सरळ गणित मला मान्य नाही.

नॉर्लिनने केलेलं ज्याला मी खरंच मोठं नुकसान म्हणेन ते वेगळं आहे. 1974 मध्ये त्यांनी दक्षिणेला, टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये नवा कारखाना काढला, तिकडे मजुरी स्वस्त, मोठ्या संख्येने एकाच प्रकारच्या गिटारी काढायला सोयीचा, आणि मग हळूहळू काम तिकडे जात राहिलं आणि 1984 मध्ये कलामझूचा कारखाना बंद केला. 1917 पासूनची ती इमारत. तिथे लोक पंचवीस-तीस वर्षं एकाच बाकावर काम केलेले, नेकचा आकार हाताने रेटून घडवणारे, बाइंडिंग, म्हणजे कडेची पट्टी, चिकटवणारे, त्यांना नॅशव्हिलला चला म्हटलं गेलं आणि त्यातल्या कित्येकांची घरं, मुलं, म्हातारे आईबाप सगळं कलामझूत. कोणी गेलं, बरेच नाही गेले. जिम ड्युर्लू, मार्व्ह लॅम्ब आणि जे. पी. मोट्स हे जुने कर्मचारी राहिले, त्यांनी काही जुनी यंत्रं विकत घेतली, त्याच इमारतीत जागा भाड्याने घेतली आणि 1985 मध्ये हेरिटेज नावाने गिटारी बनवायला लागले. म्हणजे विचार करा, त्याच भिंती, तीच यंत्रं, तेच हात, आणि हेडस्टॉकवर नाव मात्र दुसरं, आणि सातशे किलोमीटरच्या आसपास खाली दक्षिणेला नवीन हात आणि हेडस्टॉकवर गिब्सन. यातली खरी गिब्सन कुठली, यावर मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाद घातलेत आणि अजूनही मन कलामझूकडेच झुकतं. (पुढे दोन्ही कंपन्या कोर्टातही भांडल्या, आणि 2016 पासून हेरिटेजही नव्या गुंतवणूकदारांच्या हातात गेली, म्हणजे तिचंही मालकी-पुराण सुरू झालंच.)

1986 च्या जानेवारीत हार्वर्डचे वर्गमित्र हेन्री जस्कीविच आणि डेव्हिड बेरीमन, सोबत गॅरी झेब्रोव्स्की, यांनी 50 लाख डॉलरला गिब्सन घेतली. एवढ्या मोठ्या नावाची एवढीच किंमत उरली होती. आणि पहिली काही वर्षं त्यांनी खरोखर मेहनत घेतली, हे आता कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. दर्जा वर आला, मोंटानामध्ये बोझमनला अकूस्टिकसाठी वेगळा कारखाना काढला, नव्वदच्या दशकात कस्टम शॉप उभं राहिलं आणि पन्नासच्या दशकातल्या गिटारी मोजूनमापून, जुन्या घेऊन उघडून बघून, परत बनवायला लागले. जस्कीविच स्वतः गिटार वाजवणारा माणूस. आणि हेच मला चक्रावून टाकतं, की ज्याला वाजवता येत नव्हतं त्याने ईएस-335 दिली, आणि ज्याला येत होतं त्याच्या हातात कंपनी दिवाळखोरीत गेली.

कारण त्याला गिटारीपेक्षा मोठं काहीतरी हवं होतं. संगीताच्या सगळ्या वस्तूंची एक कंपनी, जगभर. ड्रम घेतले, पियानो घेतले, स्टुडिओचे स्पीकर, सॉफ्टवेअर, जपानी ऑडिओ कंपन्यांत हिस्से. 2013 मध्ये नावातलं गिटार काढून गिब्सन ब्रँड्स केलं. 2014 मध्ये फिलिप्सचा हेडफोन-स्पीकरचा धंदा 13.5 कोटी डॉलरला घेतला, तेही कर्ज काढून. आणि हा सगळा व्याप एका बाजूला असताना गिटारमध्येही नवं काहीतरी घुसवायचं म्हणून 2015 च्या अमेरिकन कारखान्यातल्या जवळजवळ सगळ्या मॉडेलवर आपोआप सूर लावणारं यंत्र बसवलं, मोटर आणि बॅटरीसकट, पितळेचा खालीवर होणारा नट, रुंद नेक, वर किंमतही वाढवली. ज्यांना हवं त्यांना द्या ना, कोणी नाही म्हटलंय? पण दुकानात गेलं की दुसरं काही मिळतच नाही, ही ती गोष्ट होती. लोकांनी ते यंत्र काढून साध्या खुंट्या बसवून घेतल्या. पुढच्याच वर्षी कंपनीला पारंपरिक आणि आधुनिक अशा दोन वेगळ्या रांगा कराव्या लागल्या.

लाकडाचं प्रकरण याच काळातलं, आणि ते थेट आपल्याकडे येतं. बहुतेक गिब्सनच्या फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवर बोटं दाबतात त्या पट्टीला, जे गडद लाकूड असतं ते भारतीय रोझवूड, म्हणजे आपलं शिसवी, आपल्या आजोळच्या कपाटांचं आणि झोपाळ्यांचं, सह्याद्रीच्या जंगलातही वाढणारं. ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकन सरकारच्या लोकांनी नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर धाड टाकली आणि भारतातून आलेलं शिसवी आणि एबनी नावाचं काळं लाकूड जप्त केलं, मुद्दा असा की अर्धवट घडवलेल्या पट्ट्या भारतीय कायद्यानुसार बाहेर पाठवता येतात का, आणि कागदांवर त्या नीट लिहिल्यात का. त्याआधी 2009 मध्ये मादागास्करच्या एबनीवरून एक धाड झालीच होती. 2012 मध्ये समझोता झाला, मादागास्करच्या मालाबद्दल कंपनीने 3 लाख डॉलर दंड भरला, आणि भारतीय लाकूड मात्र परत मिळालं कारण तिथे नियमच अस्पष्ट आहेत हे सरकारने मान्य केलं. जस्कीविचने त्या परत मिळालेल्या लाकडाच्या गिटारींची गव्हर्नमेंट सिरीज नावाने खास मालिका काढली. मधल्या काळात मात्र फ्रेटबोर्डला भाजलेलं मेपल, लेस पॉल कस्टमला तर कागद आणि रेझिन दाबून केलेला रिचलाइट. बोटांना तो वाईट लागत नाही, मी वाजवलाय, गुळगुळीत असतो, पण तेवढे पैसे मोजून शिसवी किंवा एबनी हवं असं वाटणाऱ्याला मी तरी वेडा म्हणणार नाही.

1 मे 2018 ला गिब्सनने दिवाळखोरीचा अर्ज केला. 37.5 कोटी डॉलरचे रोखे त्या ऑगस्टमध्ये फेडायचे होते. आणि त्या कागदपत्रांतली बाब वाचून मला खूप वाईट वाटलं होतं, की गिटारीचा धंदा चालू होता, कमावत होता, बुडवलं ते हेडफोन आणि स्पीकरनी. नॅशव्हिलमध्ये कोणीतरी दिवसभर बाइंडिंग खरवडत होतं, ते काम चोख होतं, लोक ते विकत घेत होते, आणि तरी त्या माणसाची नोकरी टांगणीला लागली कारण दुसऱ्या खंडातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्याचा हिशेब बसला नाही. मेम्फिसचा कारखाना तर बंदच झाला, तिथे 335 बनायची, ती नॅशव्हिलला आली.

नोव्हेंबर 2018 पासून मालक केकेआर, न्यूयॉर्कची प्रायव्हेट इक्विटी कंपनी. मनात म्हटलं, आता संपलं. पण लिवाइस जीन्समधून आलेल्या जेम्स कर्ली यांना सीईओ केलं, इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा आवरला, आणि 2019 मध्ये ओरिजिनल आणि मॉडर्न अशा दोन सरळ रांगा आणल्या, लेस पॉलला पन्नासच्या दशकातला नेक हवा तर तो, साठचा हवा तर तो. साध्या खुंट्या, शिसवी फ्रेटबोर्ड. त्या नव्या गिटारी मी दुकानात बऱ्याच वाजवून बघितल्या, फ्रेटची टोकं, नटच्या खाचा, बाइंडिंगची कड, सगळीकडे आधीपेक्षा लक्ष दिलेलं दिसतं. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटली त्या मालकाने सगळ्यात सरळ गोष्ट केली. त्याच वर्षी एक व्हिडिओही फिरला, शेकडो फायरबर्ड एक्स, ती जस्कीविचच्या काळातली यंत्रं भरलेली गिटार, जमिनीवर मांडलेल्या आणि त्यांच्यावरून लोखंडी पट्ट्यांवर चालणारं अवजड यंत्र फिरवतायत. कंपनी म्हणाली त्यातले भाग सुरक्षित नव्हते, दुरुस्त होण्यासारख्या नव्हत्या. असेलही, पण लाकूड, नेक, पिकअप शाळेतल्या पोरांना दिले असते तर? मला तो व्हिडिओ पूर्ण बघवला नाही.

आणि प्रायव्हेट इक्विटी म्हणजे एक दिवस विकणार हे आलंच, त्यांचा धंदाच तो. कधी आणि कोणाला, ते त्यांचं ते बघतील. माझं लक्ष दुसरीकडे असेल. नवा मालक वाजवतो की नाही, गिटारीतला आहे की बिअरमधला, याने मला आता फारसा फरक पडत नाही. तो आल्यावर नॅशव्हिल आणि बोझमनचे कारखाने जागेवर राहतात का, तिथले जुने लोक बाकावर राहतात का, आणि ऑफिस आणि बाक यांच्या मधे मॅकार्टीसारखा रोज खालीवर करणारा कोणी आहे का, एवढं मी बघणार. मित्र त्याची 1973 ची डिलक्स विकायचं म्हणतोय, नॉर्लिन आहे म्हणून भाव जरा कमीच मिळेल असं त्याला कोणीतरी सांगितलंय. मी त्याला म्हटलंय, विकायचीच असेल तर आधी मला फोन कर.